सेन्सरी प्ले घरच्या घरी आणि जपून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत, बालवाडीच्या दारात आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयाच्या मुलांचा विचार केला आहे. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तर तिथे क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर ४, ९ आणि २१ हे तीन आधी वाचा, बाकीचे सवडीने.

१. सेन्सरी प्ले म्हणजे नेमकं काय? आम्ही लहानपणी मातीत खेळायचो तेच ना?

बहुतांशी तेच. हाताला, नाकाला, कानाला, डोळ्याला, जिभेला जग कळावं म्हणून मूल जे जे करतं ते सगळं यात येतं. त्यात तोल सांभाळणं आणि अंगाचा जोर लावणंही आलं. झोका घेणं, भरलेली पिशवी ओढत नेणं हाही सेन्सरी प्लेच. पूर्वी अंगण, ओटा, शेत, नदीचा काठ हे सगळं आपोआप पुरवत असत. आता दोन खोल्यांच्या घरात मोठ्यांना त्यासाठी मुद्दाम जागा आणि वेळ काढावा लागतो.

हस्तकला वेगळी. तिथे शेवटी काहीतरी तयार व्हायचं असतं. इथे तासभर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून हाती काहीच आलं नाही, तरी खेळ पूर्ण झाला. भरलेला पेला जड लागतो, बारीक तोंडाच्या बाटलीत पाणी सांडतं, ओली वाळू उभी राहते आणि कोरडी ढासळते, हे मूल हातानेच शिकतं. पुढे पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकदही कणीक मळताना, शेंगा सोलताना येते.

२. यासाठी काय काय विकत आणावं लागेल? ऑनलाइन किट घ्यावं का?

नका घेऊ. परात, दोन टोप, वाट्या, पळी, गाळणी, चाळणी, सुपली, जुनी चादर आणि एक मोठं माणूस एवढं पुरतं.

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची साधनं महाग होती आणि खेड्यातल्या मुलांपर्यंत ती पोचणं शक्य नव्हतं. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून तीच कामं साधली. पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच काम वाढलं, आणि अंगणवाडी ही कल्पनाही त्यातूनच उभी राहिली. इतका मोठा वारसा आपल्या घरातला असताना हजार रुपयांची प्लास्टिकची पेटी कशाला?

तयार खेळणं घ्यायचंच असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे, म्हणून तिथे रंग निघतोय का आणि तुकडा सुटतोय का हे स्वतः तपासा.

३. कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

जन्मापासून. तेल लावून मालिश, कोमट पाण्याची अंघोळ, आजीचं गाणं, हा तान्ह्या बाळाचा भरपूर सेन्सरी प्ले आहे. मालिशीतलं तेल नाकात-कानात मात्र अजिबात सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

बाळ आधाराशिवाय बसू लागलं की स्टीलची वाटी, लाकडी पळी, सुती, रेशमी आणि लोकरी कापडाचे मोठे तुकडे, ओलं फडकं द्या. वर्षाच्या आसपास उकड, पिकलं केळं, थोडंसं पाणी. दीड-दोन वर्षांचं मूल ओतण्यात रमतं. कोरडं धान्य, बिया, मणी हे सगळं तीन वर्षांनंतर. चार-पाच वर्षांची मुलं निवडणं, मोजणं, रंग मिसळणं, शाडूची माती असं काहीही करू शकतात. वय हा अंदाज आहे. साडेतीन वर्षांचं मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर ते या बाबतीत दोन वर्षांचंच समजा आणि प्रश्न ५ पाहा.

४. एखादी वस्तू बाळासाठी फार लहान आहे हे ओळखायचं कसं?

टिश्यू पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. खेळण्यांच्या चाचणीत साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. घरची नळी त्याहून थोडी रुंद असते, त्यामुळे तपासणी अधिक कडक होते आणि ते चांगलंच आहे.

आकार पास झाला तरी काही गोष्टी बाद आहेत: फुगा आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे, थर्माकोलचे दाणे, लोहचुंबकाचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या. बटणासारख्या सपाट बॅटऱ्या तर घरात कुठे कुठे आहेत ते आजच शोधा. रिमोटमध्ये, गाणाऱ्या पुस्तकात, बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्तीत त्या असतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला लागते. तिथे वाट बघायची नसते, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

५. माझा मुलगा सगळंच तोंडात घालतो. मग खेळायला देऊ तरी काय?

जे तोंडात गेलं तरी चालेल तेच. आपल्या स्वयंपाकघरात असं भरपूर आहे.

सगळ्यात आधी उकड. मोदकाला करतो तशीच: एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल उकळून त्यात एक वाटी तांदळाचं पीठ, झाकण ठेवून वाफ, मग मळून घ्यायची. ती पूर्ण गार होऊ द्या. वरून गार लागली तरी गोळ्याच्या पोटात उष्णता टिकून असते, म्हणून मोडून बघूनच द्या. निम्मी पांढरी ठेवून निम्मीत बीटाचा रस घातला की दोन रंग झाले. ती त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबते.

मग परातीत घट्ट दही, त्यावर बीटाच्या आणि पालकाच्या रसाचे थेंब, आणि बाळाची दहा बोटं. पिकलं केळं किंवा उकडलेला भोपळा कुस्करणं. साबुदाणा पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गार पाण्याखाली धुतला की बुळबुळीत, चमकदार मोती मिळतात. हे मोती वर्षाच्या पुढच्या, चावून खाणाऱ्या मुलाला परातीत पसरून द्या, मूठभर तोंडात कोंबू देऊ नका. चायना ग्रासची जेली मोठ्या वडीच्या रूपात कुस्करायला छान, पण लहान कपातले जेलीचे घट्ट गोळे घशात अडकतात, ते नकोत. सब्जा द्यायचा तर आधी भिजवून पूर्ण फुगलेलाच. मध वर्षाच्या आतल्या बाळाला खेळातसुद्धा द्यायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

कोरड्या धान्याचं आकर्षण असेल तर पारदर्शक बाटलीत मसूर, राजगिरा, चिंचोके भरा, झाकण चिकटवून वरून पक्की टेप लावा. दिसतंही, वाजतंही. मात्र दर वेळी हातात देण्याआधी झाकण ओढून बघा.

६. प्ले-डो घरी कसा करायचा? साधी कणीक भिजवून दिली तर चालत नाही का?

पोळ्या करताना शेजारी बसलेल्या मुलाला छोटा गोळा देणं ही आपली जुनीच पद्धत आहे. फक्त कच्चं पीठ खाऊ देऊ नका. गहू शेतातून गिरणीत आणि गिरणीतून डब्यात येतो, त्यावरचे जंतू भाजल्या-शिजवल्याशिवाय मरत नाहीत. ज्याला चाटल्याशिवाय राहवत नाही त्याला उकड द्या.

टिकाऊ प्ले-डोसाठी एक वाटी मैदा, पाव ते अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक चमचा तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र कालवून मंद आचेवर ढवळत राहा. कडा सोडून गोळा जमला की उतरवा, गार झाल्यावर मळा. हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे राहतो. पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, वास बदलला की टाका. यातलं मीठ खूप असतं. एकदा चाटलं तर मूल स्वतःच थुंकतं, पण गोळे गिळणाऱ्या मुलासाठी हा नाही. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

दोन भाग कॉर्नफ्लोअर आणि एक भाग पाणी मिसळलं की आपटल्यावर घट्ट आणि धरल्यावर ओघळणारा लगदा तयार होतो. कॉर्नफ्लोअर म्हणजे सुपात घालतो ते पांढरं, मऊ. भाकरीच्या मक्याच्या पिठाने हे होत नाही. उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. वाळू द्या आणि झाडून घ्या.

७. डाळी-तांदळांनी भरलेली परात इंटरनेटवर सगळीकडे दिसते. ती सुरक्षित आहे का?

तीन वर्षांच्या पुढे, शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना, हो. त्याआधी नाही. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, राजमा हे दाणे श्वासनलिकेत अडकायला अगदी योग्य मापाचे असतात, आणि नाकात-कानात घालून बघण्याचा मोह मुलांना होतोच.

राजमा तर मी कोणत्याही वयात खेळात वापरत नाही. कच्च्या आणि नुसत्या भिजवलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, थोडे दाणे चावले तरी जोरदार उलट्या होतात. चांगल्या उकळीनेच ते नष्ट होतं. तांदूळ, मसूर, मूग, ज्वारी, बाजरी पुरेशी आहेत. धान्याला कीड लागू नये म्हणून डब्यात पारा किंवा बोरिक पावडर घातली असेल तर ते धान्य खेळायला काढू नका.

परात सतरंजीवर ठेवा, टाइल्सवर नको. सांडलेल्या मुगावरून घसरून पडणं हा या खेळातला दुसरा मोठा अपघात आहे, आणि तो बहुतेक वेळा आजी-आजोबांना होतो.

८. सासूबाई म्हणतात अन्नाशी खेळायचं नाही. काय करू?

त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि वाद घालायची गरजच नाही. खेळाचं काम करा. मटार सोलणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, पोहे चाळणं, भिजलेले वाल सोलणं, कोथिंबीर खुडणं. यातलं प्रत्येक काम म्हणजे उत्तम सेन्सरी प्ले आहे, अन्न वाया जात नाही, आणि शेजारी आजी बसलेली असते. मुलाला आपण उपयोगी पडतो हे कळतं, ते वेगळंच. माझ्या मते रंगवलेल्या तांदळाच्या परातीपेक्षा टोपलीभर मटार कधीही सरस. चार वर्षांखालच्या मुलाने सोललेले दाणे लगेच मोठ्या माणसाकडच्या भांड्यात जातील एवढं बघा.

खेळायलाच हवं असेल तर सालं, कणसाची पानं, भाताचा कोंडा, फुलांचं निर्माल्य वापरा. किडकं धान्य वेगळं ठेवलं तर त्यात बुरशी नाही ना हे बघून घ्या. निर्माल्यात काय असू शकतं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

९. पाण्याचा खेळ सगळ्यात आवडतो. बादलीत चार इंचच पाणी असतं, मग काळजी कसली?

चार इंच पुष्कळ झालं. एक-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की ते तोंडावर आत जातं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. आवाज होत नाही, हाकही मारता येत नाही. नळाला पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून आपल्या घरांत बादल्या, पिंपं, टोप भरून ठेवलेले असतात. त्यांना घट्ट झाकण हवं आणि न्हाणीघराच्या दाराला वरची कडी हवी.

खेळाला बादली नको, उथळ परात किंवा घमेलं घ्या. मोठ्या माणसाने हात पुरेल इतक्या अंतरावर बसायचं. दाराची बेल वाजली, फोन आला, तर मूल कडेवर घेऊन उठायचं. पाच वर्षांच्या ताईला "बघ गं जरा" सांगून जायचं नाही. गीझरचं गरम पाणी आधी आणि गार नंतर असं मिसळू नका, उलट करा. संपलं की लगेच पाणी ओता. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

१०. मातीत, वाळूत, पावसात खेळू द्यावं का? जंताची भीती वाटते.

जरूर द्या. कुंडीतली किंवा बागेतली, मांजर-कुत्री घाण करत नाहीत अशी माती निवडा, काचा-खिळे बघून घ्या, पायात चप्पल असू द्या. नंतर साबणाने हात धुवा, नखं कापलेली ठेवा. बांधकामाची वाळू मांजरांना फार आवडते, म्हणून ढीग झाकलेला असावा आणि आत सिमेंट मिसळलेलं नसावं. ओलं सिमेंट कातडी भाजतं. वयाच्या पहिल्या वर्षानंतर जंताचं औषध मिळतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत ते मोफत देतात.

पावसात गच्चीवर किंवा अंगणात भिजणं छान. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मात्र उतरवू नका. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो मुंबईत आणि कोकणात दर पावसाळ्यात माणसं आजारी पाडतो. पायाला जखम असेल तर नाहीच.

११. कोणते रंग सुरक्षित? हळद, कुंकू, रांगोळी घरात असतातच.

घरात असतं म्हणून सुरक्षित असं नाही. शेंदूर हा मुळात शिशाचा असतो आणि बाजारातल्या कुंकवातही शिसं सापडतं. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं आणि त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानत नाहीत. रंगपंचमीचा उरलेला गुलालही खेळाच्या डब्यात ठेवू नका. रांगोळी ही दगडाची पूड. तिची धूळ छातीत जाते, म्हणून मुलांना तांदळाच्या पिठाची रांगोळी घालू द्या, तीही खिडकी उघडून आणि फुंकर न मारता. टाल्कम पावडर आणि कॅरमची पावडर या दोन्ही खेळाच्या वस्तू नाहीत. दुसरीत बहुधा बोरिक ॲसिड असतं.

हळद चांगली, पण घरी दळलेल्या हळकुंडाची. सुट्या हळदीत झळाळीसाठी शिशाचा पिवळा रंग मिसळण्याचे प्रकार होतात. बीट, पालक, गाजर यांचा रस, डाळिंबाची सालं उकळलेलं पाणी, हे सगळं चालतं. कपड्यांवर डाग पडतात, म्हणून जुना सदरा.

हळदीत चुना घालून लाल रंग करण्याची "जादू" अनेक जण करून दाखवतात. ही मुळीच करू नका. पानाचा चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं आणि दृष्टी जाऊ शकते. चुन्याच्या पुड्या दाबून फोडताना आपल्याकडच्या मुलांचे डोळे असेच जातात. तीच गंमत खाण्याच्या सोड्याने होते, हळदीचं पाणी तांबूस होतं. त्याहून सुंदर म्हणजे गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणी. लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, सोडा घातला की हिरवट. फक्त फुलंच घ्या, बिया नकोत.

चुना डोळ्यात गेलाच तर त्याच क्षणी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून किमान वीस मिनिटं धुवा आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दूध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका.

१२. पाण्यात फुगणारे रंगीत मणी, म्हणजे ऑर्बीज, द्यावेत का?

नाही. घरात मोठी मुलं असली तरी आणू नका. कोरडा मणी मोहरीएवढा असतो, कुठेही घरंगळतो, आणि गिळल्यावर आतड्यात फुगत जाऊन वाट अडवतो. एक्स-रेमध्ये तो सहसा दिसत नाही, त्यामुळे निदानाला उशीर होतो. अमेरिकेत अशा अपघातांनंतर २०२३ च्या डिसेंबरमध्ये मोठ्या विक्रेत्यांनी मुलांसाठी त्यांची विक्री थांबवली. आपल्याकडे फुलदाणीत घालायला म्हणून ते सर्रास मिळतात. पर्याय: शिजवलेला साबुदाणा, प्रश्न ५.

१३. आणि स्लाईम, म्हणजे तो ताणला जाणारा चिकट गोळा?

इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींत टाकणखार असतो, काहींत कपड्यांचं डिटर्जंट. दोन्ही लहान मुलांच्या हातात देण्याजोगी नाहीत. हाताला पुरळ येतं आणि पोटात गेलं तर अपाय होतो. त्याऐवजी एक भाग जवस सहा भाग पाण्यात उकळा आणि गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा चिकट रस मिळतो. चिरलेली भेंडी पाण्यात कुस्करली तरी मुलं तासभर खुश असतात.

१४. झाडांची पानं, फुलं, बिया गोळा करून खेळतो. त्यात काही विषारी असतं का?

असतं, आणि यातली काही नावं गावातल्या प्रत्येकाला माहीत असावीत. लाल-काळी गुंज दिसायला मण्यासारखी, पण चावली किंवा भोक पाडलेली असली तर प्राणघातक. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी अनेक जण लहानपणी खेळले आहेत. तिच्या बियांतलं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. लाल-पांढरी कण्हेर, एरंड, धोतरा हेही तसेच. चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया बदामासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुलं एकत्र खातात आणि सगळीच दवाखान्यात जातात.

धोतरा महादेवाला आणि रुईची माळ शनिवारी मारुतीला वाहिलेली असते, म्हणून निर्माल्यातून ही दोन्ही घरात येतात. रुईचा चीक डोळ्याला फार वाईट. अळूच्या कच्च्या पानांनी आणि घरातल्या शोभेच्या डिफेनबाकियाने तोंड सुजतं. खाजकुइलीबद्दल वेगळं सांगायला नको.

बिनधास्त द्यावं असं: जास्वंद, झेंडू, पेरूचं आणि केळीचं पान, कढीपत्ता, तुळस, गवती चहा, पिंपळाची जाळीदार पानं, शेवग्याची शेंग, करवंट्या. डोळे मिटून वासावरून पान ओळखण्याचा खेळ तीन वर्षांची मुलंही खेळतात. काही गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नका. झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

१५. गणपतीच्या आधी मुलांना मूर्ती करायला द्यायची आहे. कोणती माती?

शाडू. ओली असताना मऊ, वाळली की घट्ट, आणि चूक झाली की पुन्हा भिजवता येते. वाळलेल्या शाडूला कोरडं घासू देऊ नका, ओल्या फडक्याने गुळगुळीत करा. प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांना हाताळू द्यायचं नाही. पाणी मिसळल्यावर घट्ट होताना ते तापतं, आणि पंजाचा ठसा घ्यायला हात आत बुडवून ठेवला तर खोल भाजतं. पंजाचा ठसा शाडूतही छान उठतो.

१६. पसारा आवरताना जीव जातो. किती वेळ खेळू द्यायचं?

चादर अंथरा, खेळ तिच्यावरच, शेवटी चारही टोकं उचलायची. अंघोळीच्या आधीची वेळ ठरवा. मूल दहा मिनिटांत उठलं तर उठू द्या, पाऊण तास रमलं तर बोलावू नका. झाडू आणि ओलं फडकं त्याच्याही हातात द्या, आवरणं त्याला खेळाइतकंच आवडतं. रोज नवीन काही लागत नाही. तीच परात आठवडाभर ठेवली आणि चमच्याऐवजी गाळणी दिली की तो नवा खेळ असतो.

१७. माझी मुलगी चिकट काही दिसलं की रडते, हातच लावत नाही. सवय व्हावी म्हणून हात धरून लावावा का?

कधीच नाही. धरून लावलेला हात पुढच्या वेळी आणखी मागे जातो. तुम्ही शेजारी बसून स्वतः मळा, तिला नुसतं बघू द्या. मग चमचा द्या, ब्रश द्या, पिशवीत बंद केलेली उकड वरून दाबायला द्या. कोरड्यापासून ओल्याकडे, गुळगुळीतपासून चिकटाकडे. जवळ ओलं फडकं ठेवा. हात हवा तेव्हा पुसता येईल हे कळलं की बरीच मुलं धीर करतात. काही मुलांना महिने लागतात, लागू द्या.

चिकटाच्या जोडीने कपड्यांचा स्पर्श, मिक्सरचा आवाज, नखं कापणं, ठरावीक दोन-तीनच पदार्थ खाणं असा त्रास रोज होत असेल, किंवा बोलणं आणि नजरेला नजर देणं उशिरा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, कोणता खेळ किती द्यायचा ते सांगतात. अशा मुलाला इंटरनेटवरची यादी लावू नका.

१८. एक पाच वर्षांचा, एक दीड वर्षाची. एकत्र कसं खेळवू?

साहित्य नेहमी धाकटीच्या वयाचं. मोठ्याला मणी-धान्य हवं असेल तर ते टेबलावर, ती झोपलेली असताना. त्याचा खेळ आवरल्यावर जमिनीवर गुडघे टेकून, धाकटीच्या उंचीवरून एकदा नजर फिरवा. कपाटाखाली गेलेला दाणा तिथूनच दिसतो.

१९. आमच्या अंगणवाडीत वीस मुलं आणि आम्ही दोघी. हे शक्य आहे का?

वीस जणांना एकाच वेळी नाही. मदतनीस ताई गाणी-गोष्टी घेतील तेव्हा कोपऱ्यात चार-पाच मुलं बसवा, दुसऱ्या दिवशी पुढची पाच. पाण्याच्या खेळाच्या दिवशी एक परात, तीन मुलं, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. आहार वाटपाची वेळ आणि खेळाची वेळ वेगळी ठेवा. धान्याचे दाणे आधी आणि नंतर वाटीने मोजून घेतले की काही कमी झालंय का ते कळतं. पोषण आहाराचं धान्य खेळात वापरू नका, पालकांकडून मूठ-मूठ मागवा किंवा खडे, करवंट्या, पानं घ्या. खडे मुलाच्या मुठीएवढे.

२०. मुलाला ॲलर्जी आहे, किंवा हातावर एक्झिमा (कोरडी, खाजरी कातडी) आहे. मग?

जे खायला वर्ज्य ते खेळायलाही वर्ज्य. गव्हाची ॲलर्जी असेल तर मैद्याऐवजी उकड, दुधाची असेल तर दह्याऐवजी पातळ पेज. बालवाडीत शेंगदाण्याची टरफलं आणण्याआधी सगळ्या पालकांना विचारा. एक्झिमा असेल तर मीठ, लिंबू, साबणाचा फेस झोंबतो. खेळाआधी मॉइश्चरायझर लावा, नंतर साध्या पाण्याने धुवून पुन्हा लावा. कातडी फाटलेली असेल त्या दिवशी कोरडे, मऊ खेळ द्या.

२१. घशात काही अडकलं तर पहिल्या मिनिटाला काय करायचं?

मूल जोरात खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्या. पाणी पाजू नका, तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते.

आवाज बंद झाला, श्वास येत नाही, ओठ निळे पडताहेत, तर लगेच:

वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. हे आळीपाळीने चालू ठेवा.

वर्षाच्या पुढचं मूल असेल तर पुढे वाकवून पाठीवर तशाच पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर मात्र कधीही दाबायचं नाही.

दुसऱ्या माणसाने त्याच वेळी १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. मूल निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. हे वाचून येत नाही. प्रत्यक्ष शिकवणारं प्रशिक्षण घ्या, घरातल्या सांभाळणाऱ्या मावशींनाही न्या.

२२. नाकात किंवा कानात दाणा घातला. तेल सोडलं तर निघेल का?

तेल, पाणी, चिमटा, हेअरपिन, काहीही नको. धान्य ओल्याने फुगतं आणि घट्ट बसतं. चिमट्याने आत ढकललं जातं. मुलाला ओरडू नका, रडताना ते नाकाने ओढून घेतं. तोंडाने श्वास घ्यायला सांगा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बटण-बॅटरी असेल तर एक मिनिटही दवडू नका. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत राहिला तर मुलाने कधीतरी काही घातलंय असं समजून दाखवून घ्या.

२३. खेळताना ठसका लागला, मग ठीक झाला. पण आठवडा झाला, खोकला जात नाही. सर्दीचंच असेल ना?

नसेलही. दाणा श्वासनलिकेतून पुढे फुप्फुसाच्या फांदीत उतरला की ठसका थांबतो आणि सगळं बरं वाटतं. मग न जाणारा खोकला, एका बाजूची घरघर, पुन्हा पुन्हा येणारा ताप. शेंगदाणा असा वारंवार सापडतो आणि साध्या एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांना "आठवड्यापूर्वी शेंगदाणे खेळताना ठसका लागला होता" हे वाक्य आठवणीने सांगा, ते विचारोत न विचारोत. त्यावरून दुर्बिणीने तपासायचं की नाही हे ते ठरवतात.